पोटगीतील फेरफार : हुकूमनाम्याचे शब्द आणि अपत्याची वाढती गरज

१. प्रश्नाचे स्वरूप

घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने पती व पत्नी यांचे परस्परांशी असलेले नाते संपुष्टात येते. माता व पिता म्हणून त्यांचे अपत्याशी असलेले नाते मात्र अबाधित राहते. ह्या दुसऱ्या नात्याचे आर्थिक रूप म्हणजे अपत्याच्या निर्वाहासाठी ठरविलेली दरमहाची रक्कम होय. ती ज्या दिवशी ठरते त्या दिवसाची परिस्थिती तीत गोठून राहते. त्या वेळी सहा वर्षांचा असलेला मुलगा पुढे सोळा वर्षांचा होतो. पहिलीची पुस्तके जाऊन अकरावीची फी येते. बापाचा धंदा वाढतो किंवा बुडतो. आईला नोकरी लागते किंवा असलेली सुटते. हुकूमनाम्यातील आकडा मात्र कोणी अर्ज केल्याखेरीज जागचा हलत नाही. शब्द स्थिर आणि जीवन चल, ह्या दोहोंतील अंतर कसे भरून काढावयाचे, हा पोटगीतील फेरफाराचा मूळ प्रश्न आहे.

प्रश्न कायद्याचा असला, तरी त्यातील बरीचशी गुंतागुंत भाषेची आहे. कायद्याचा मूळ पाठ इंग्रजी, तडजोडपत्र पुष्कळदा इंग्रजी वा मराठी, पक्षकारांचे बोलणे सिंधी, मराठी किंवा हिंदी, आणि ज्याच्यासाठी हे सर्व चालते ते अपत्य बहुधा न्यायालयात उपस्थितच नसते. उल्हासनगरचा कॅम्प २ हा भाग ह्या परिस्थितीचा नमुना म्हणून घेता येतो. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव बदलले तरी 'कॅम्प' हा शब्द पत्त्यातून गेला नाही. सिंधी भाषेचा घटनेच्या आठव्या परिशिष्टात समावेश १९६७ मध्ये झाला. महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका पातळीवरील न्यायालयांची भाषा म्हणून मराठी १९९८ मध्ये अधिसूचित झाली. अशा वस्तीत एकाच रकमेला तीन-चार नावे असतात, आणि नावांप्रमाणे तिच्याविषयीच्या समजुतीही बदलतात. त्या समजुती आणि कायद्याचा खरा पाठ यांची तुलना करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. पोटगी, अन्नवस्त्र, खावटी, मेंटेनन्स

'पोटगी' हा शब्द उघडच 'पोट' ह्या नामाशी जोडलेला आहे. 'खावटी' हा खाण्याशी जोडलेला आहे. जुन्या न्यायालयीन मराठीतील 'अन्नवस्त्र' हा शब्द अन्नाच्या जोडीला वस्त्र आणतो, परंतु तेथेच थांबतो. ही मर्यादा एकट्या मराठीची नव्हे. इंग्रजीतील 'अ‍ॅलिमनी' हा शब्द पोसणे ह्या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला आहे, आणि गोव्यात लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेत ह्याच कल्पनेसाठी येणाऱ्या 'आलिमेंतुश' ह्या शब्दाचा मूळ अर्थही खाद्यच होय. निर्वाहाची कल्पना अनेक भाषांत अन्नापासून सुरू झालेली दिसते.

कायद्याने ही कल्पना अन्नापलीकडे नेली आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम ३ मध्ये निर्वाहाची व्याख्या देताना अन्न, वस्त्र, निवास, शिक्षण आणि वैद्यकीय उपचार अशी पाच अंगे सांगितली आहेत. अविवाहित मुलीच्या बाबतीत तिच्या विवाहाचा वाजवी खर्चही त्यात धरला आहे. तेव्हा "पोटगी म्हणजे पोटापुरते" हा शब्दावरून होणारा समज कायद्याशी जुळत नाही. फेरफाराच्या अर्जात ह्या फरकाला प्रत्यक्ष महत्त्व येते. मुलाच्या जेवणाचा खर्च दहा वर्षांत जितका वाढेल, त्याहून त्याच्या शिक्षणाचा खर्च पुष्कळ अधिक वाढतो. जो अर्जदार केवळ महागाई सांगतो तो आपल्या हक्काचे एकच अंग मांडतो. जो पाचही अंगांचा हिशेब मांडतो तो कायद्याच्या व्याख्येला धरून बोलतो.

बोलीत आज सर्वांत रूढ झालेला शब्द 'मेंटेनन्स' हा आहे. परंतु इमारतींत राहणाऱ्या कुटुंबांत हाच शब्द गृहनिर्माण संस्थेला दरमहा भरावयाच्या वर्गणीसाठीही वापरतात. "ह्या वर्षी मेंटेनन्स वाढला" ह्या वाक्याचा अर्थ संदर्भावाचून लागत नाही. ह्या दुहेरी वापराचा एक सूक्ष्म परिणाम असा, की संस्थेच्या वर्गणीप्रमाणे पोटगीही दरवर्षी आपोआप वाढत असावी, किंवा उलट, सभासद घर सोडून गेला म्हणजे देणे संपावे, अशा कल्पना नकळत मूळ धरतात. दोन्ही कल्पना चुकीच्या आहेत. पोटगी आपोआप वाढत नाही आणि देणाऱ्याने गाव सोडले म्हणून संपतही नाही.

३. फेरफाराचा अधिकार देणाऱ्या तरतुदी

एकदा दिलेला निर्णय पुन्हा उघडू नये हा दिवाणी न्यायाचा सर्वसाधारण नियम आहे. पोटगी हा त्याला कायद्यानेच केलेला अपवाद होय. मात्र हा अपवाद एका ठिकाणी सांगितलेला नसून निरनिराळ्या कायद्यांत निरनिराळ्या शब्दांत आलेला आहे, आणि ते शब्द सारखे नाहीत.

पहिली तरतूद १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ ची. पती किंवा पत्नीला मिळालेली कायम पोटगी, दोहोंपैकी कोणाच्याही परिस्थितीत बदल झाल्याची न्यायालयाची खात्री झाल्यास, वाढविता, कमी करता किंवा रद्द करता येते. पोटगी घेणाऱ्या जोडीदाराने पुनर्विवाह केल्यास ती रद्द करण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार ह्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात आहे. हे कलम जोडीदाराविषयी आहे, अपत्याविषयी नव्हे. त्यामुळे आईने दुसरा विवाह केला की मुलाची रक्कमही बंद झाली, हा सर्वत्र ऐकू येणारा समज कलमाच्या पाठाला धरून नाही.

अपत्याविषयीची तरतूद त्यापुढील कलम २६ मध्ये आहे. तिच्यात अज्ञान अपत्यांचा ताबा, निर्वाह आणि शिक्षण ह्यांविषयी हुकूमनाम्यानंतरही न्यायालय वेळोवेळी आदेश देऊ शकते आणि पूर्वीचे आदेश वेळोवेळी रद्द, स्थगित वा बदलू शकते असे म्हटले आहे. 'वेळोवेळी' हा शब्द येथे कळीचा आहे. कलम २५ मध्ये 'परिस्थितीत बदल' ही अट शब्दशः घातली आहे. कलम २६ मध्ये ती शब्दशः नाही. व्यवहारात न्यायालये बदलाचा पुरावा मागतातच. तरीही विधिमंडळाने दोन शेजारच्या कलमांत दोन निराळ्या रचना वापरल्या ह्यावरून अपत्याच्या बाबतीत न्यायालयाचा हात अधिक मोकळा ठेवण्याचा हेतू दिसतो. ह्या कलमाला २००१ मध्ये जोडलेल्या तरतुदीनुसार, कार्यवाही चालू असताना अपत्याच्या निर्वाहासाठी व शिक्षणासाठी केलेला अर्ज, शक्यतो नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत निकालात काढावयाचा असतो.

तिसरी तरतूद हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २५ ची. निर्वाहाची रक्कम हुकूमनाम्याने ठरलेली असो वा कराराने, परिस्थितीत महत्त्वाचा बदल झाल्यास ती बदलता येते असे हे कलम सांगते. येथे दोन शब्द ध्यानात घ्यावयास हवेत. बदल 'महत्त्वाचा' असला पाहिजे, हे एक. आणि न्यायालयाबाहेर झालेला 'करार'ही ह्या कलमाच्या कक्षेत येतो, हे दुसरे. ह्याच कायद्याचे कलम २० अपत्याच्या निर्वाहाची जबाबदारी पिता व माता ह्या दोघांवर टाकते आणि औरस-अनौरस असा भेद करीत नाही. ज्या समाजांत काडीमोड किंवा सोडचिठ्ठी रूढीने होत आली आहे, त्यांच्या बाबतीत हे कलम विशेष उपयोगी पडते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने अशा रूढ घटस्फोटांना धक्का लावलेला नाही. परंतु त्यांत न्यायालयाचा हुकूमनामाच नसल्याने कलम २६ चा आधार घेता येत नाही. तेथे अपत्याचा हक्क ह्या दुसऱ्या कायद्यातून किंवा पुढे सांगितलेल्या चौथ्या तरतुदीतून साधावा लागतो.

चौथी तरतूद सर्व धर्मांच्या नागरिकांना लागू आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमे ४८८ व ४८९, त्यानंतर १९७३ च्या संहितेची कलमे १२५ व १२७, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमे १४४ व १४६, असा तिचा प्रवास आहे. आधीचे कलम निर्वाहाचा आदेश देण्याचे, नंतरचे तो बदलण्याचे. बदलाचे कलम देणारा आणि घेणारा ह्या दोघांच्याही परिस्थितीचा उल्लेख करते. म्हणजे अर्ज दोन्ही बाजूंना खुला आहे. मुस्लिम मातापित्यांच्या अपत्यांनाही हा हक्क आहे आणि १९८६ च्या कायद्याने तो कमी झालेला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्पष्ट केले.

ह्या चौथ्या तरतुदीचा इतिहास गोठलेल्या आकड्याचे दुष्परिणाम दाखविणारा आहे. १८९८ च्या संहितेत दरमहा कमाल ५० रुपयांची मर्यादा होती. ती १९२३ मध्ये १०० आणि १९५५ मध्ये ५०० झाली. १९७३ च्या नव्या संहितेने ५०० हाच आकडा कायम ठेवला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये राज्यापुरती ती १,५०० केली, आणि २००१ मध्ये केंद्रीय दुरुस्तीने मर्यादाच काढून टाकण्यात आली. १९५५ ते १९९९ ह्या चव्वेचाळीस वर्षांत महाराष्ट्रातील आईला, मुलाची गरज कितीही सिद्ध केली तरी, ह्या कलमाखाली पाचशे रुपयांच्या पलीकडे जाता येत नव्हते. कायद्याच्या पुस्तकातील आकड्याला जी गती प्राप्त झाली, तीच तडजोडपत्रातील आकड्याला प्राप्त होते, हे ह्यावरून ध्यानात यावे.

४. 'परिस्थितीत बदल' म्हणजे काय?

हा शब्दप्रयोग जाणूनबुजून सैल ठेवलेला आहे. सर्व बदलांची यादी कायद्यात देता येणे शक्य नाही. तथापि, न्यायालयांपुढे येणाऱ्या कारणांचे चार वर्ग पाडता येतात.

पहिला वर्ग अपत्याच्या गरजेतील बदलाचा : वाढते वय, शिक्षणाचा पुढचा टप्पा, आजार किंवा अपंगत्व. दुसरा वर्ग देणाऱ्याच्या ऐपतीतील बदलाचा : बढती, धंद्यातील वाढ, तशीच नोकरी जाणे, दुखणे, निवृत्ती. तिसरा वर्ग ज्याच्याकडे अपत्य राहते त्याच्या स्थितीतील बदलाचा : आईला नोकरी लागणे किंवा सुटणे. चौथा वर्ग ताब्यातील बदलाचा : अपत्य आईकडून बापाकडे किंवा बापाकडून आईकडे राहावयास जाणे.

तिसऱ्या वर्गाविषयी गैरसमज विशेष आहेत. आई कमावू लागली म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही. ती वाटली जाते. आई व वडील दोघेही कमावते असतील, तर दोघांनी आपापल्या उत्पन्नाच्या प्रमाणात अपत्याचा खर्च उचलावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये सांगितले. त्या प्रकरणात बापाचे वेतन आईच्या सुमारे दुप्पट असल्याने खर्चाचे प्रमाण दोनास एक असे धरले गेले. येथे महत्त्व प्रमाणाला आहे. आईचे उत्पन्न वाढले आणि बापाचेही त्याच प्रमाणात वाढले, तर वाटणीचे प्रमाण तेच राहते, आणि अपत्याचा एकूण खर्च वाढलेला असल्यास दोघांचाही वाटा वाढतो.

दुसऱ्या वर्गात अडचण पुराव्याची असते. पगारदाराचे उत्पन्न पगारपत्रकावर दिसते. कॅम्प २ मधील कापडाच्या किंवा फर्निचरच्या दुकानदाराचे तसे दिसत नाही. "धंदा मंद आहे" हे वाक्य बाजारात रोज उच्चारले जाते. न्यायालयात त्याला वजन येण्यासाठी हिशेबाची जोड लागते. ह्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा ४ नोव्हेंबर २०२० चा 'रजनेश विरुद्ध नेहा' हा निर्णय मार्गदर्शक ठरला आहे. प्रकरण महाराष्ट्रातलेच, नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेले होते. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता, उत्पन्न, देणी व खर्च ह्यांचे प्रतिज्ञापत्र ठरावीक नमुन्यात दाखल करावे, असे ह्या निर्णयाने बंधन घातले आणि शेतीवर उपजीविका करणाऱ्यांसाठी स्वतंत्र नमुना दिला. अपत्याच्या खर्चात अन्न, वस्त्र, निवास, औषधोपचार व शिक्षण ह्यांखेरीज शिकवणीचे वर्ग किंवा व्यवसायशिक्षण ह्यांसारखे पूरक खर्चही विचारात घ्यावेत, असेही त्यात म्हटले आहे.

त्याच प्रकरणातील कुटुंब न्यायालयाचा २०१५ चा मूळ आदेश भाषेच्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. मुलासाठी १ सप्टेंबर २०१३ ते ३१ ऑगस्ट २०१५ ह्या काळासाठी दरमहा ५,००० रुपये आणि १ सप्टेंबर २०१५ पासून पुढे दरमहा १०,००० रुपये, अशी दोन टप्प्यांची रचना त्यात होती. मूल वाढते आहे ही गोष्ट आदेशाच्या वाक्यरचनेतच समाविष्ट करण्याचा हा मार्ग होय.

कोणता बदल मान्य होत नाही, हेही पाहावयास हवे. जो बदल देणाऱ्याने हेतुतः घडवून आणला, उदाहरणार्थ पोटगी टाळण्यासाठी नोकरी सोडली, त्याचा लाभ त्याला मिळत नाही. जी गोष्ट मूळ आदेशाच्या वेळीच ठाऊक होती आणि विचारात घेतली गेली होती, तीही 'बदल' ठरत नाही; ती पुन्हा मांडणे म्हणजे अपिलाचे काम फेरफाराच्या अर्जाकडून करून घेणे होय.

५. तडजोडपत्राची भाषा

परस्परसंमतीच्या घटस्फोटात अपत्याची रक्कम बहुधा तडजोडपत्रातील एखाद्या ओळीत ठरते. त्या ओळीचा परिणाम दहा-बारा वर्षे टिकतो. तिच्यातील काही नेहमीच्या शब्दप्रयोगांचा विचार केल्यास पुढील वादांचे मूळ सापडते.

पहिला प्रयोग 'दरवर्षी दहा टक्के वाढ'. ही वाढ कशावर? मूळ रकमेवर की मागील वर्षीच्या रकमेवर? मूळ रक्कम दरमहा ४,००० रुपये धरू. वाढ दरवर्षी मूळ रकमेवर धरल्यास दहा वर्षांनी रक्कम ८,००० रुपये होते. मागील वर्षीच्या रकमेवर धरल्यास ती सुमारे १०,३७५ रुपये होते. 'मूळ रकमेवर' किंवा 'चालू रकमेवर' हे दोन शब्द न लिहिल्यामुळे दरमहा २,३७५ रुपयांचा वाद उरतो. आणि वाढीचे कलमच नसेल, तर? भाववाढ दरसाल सहा टक्के मानली, तर दहा वर्षांपूर्वी ४,००० रुपयांत जे येत होते त्याला आता सुमारे ७,१६० रुपये पडतात. किंवा उलट सांगावयाचे तर, हातात येणाऱ्या ४,००० रुपयांची किंमत आरंभीच्या सुमारे २,२३० रुपयांइतकीच राहते. देणाऱ्याने एकही हप्ता चुकविलेला नसतो, आणि तरीही मुलाच्या वाट्याचा जवळजवळ निम्मा भाग नाहीसा झालेला असतो.

दुसरा प्रयोग 'शाळेची फी'. ह्या शब्दांत गणवेश, पुस्तके, बस आणि शिकवणी येतात काय? सामान्य बोलण्यात 'फी' म्हणजे शाळेच्या पावतीवरची रक्कम. 'शिक्षणाचा खर्च' हा प्रयोग अधिक व्यापक आहे. शिवाय 'शाळा' हा शब्द दहावी-बारावीला संपतो. महाविद्यालय त्यात येते की नाही ह्यावर पुढे वाद होतो.

तिसरा प्रयोग 'सज्ञान होईपर्यंत'. सर्वसाधारणपणे वयाची १८ वर्षे पूर्ण झाली म्हणजे व्यक्ती सज्ञान होते. ते वय बारावीच्या आसपास येते. म्हणजे खर्च सर्वाधिक वाढण्याच्या वेळी ही अट देणे थांबविते. त्याऐवजी 'पदवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत' असे दोघांनी मान्य केले, तर तसे लिहिण्यास कायद्याची आडकाठी नाही. अविवाहित मुलीच्या बाबतीत हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचे कलम २० सज्ञानतेनंतरही, ती स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ असल्यास, हक्क देते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हा हक्क मान्य करून, तो त्या कायद्याखाली स्वतंत्रपणे मागावयाचा असतो असे सांगितले.

चौथा प्रयोग सर्वांत घातक : "पत्नीने एकरकमी रक्कम स्वीकारून स्वतःचे व अपत्याचे भविष्यातील सर्व हक्क सोडले आहेत." ह्या वाक्याचा कर्ता पत्नी आहे, परंतु सोडलेल्या हक्कांतील एक हक्क तिचा नाही. अपत्याचा निर्वाहाचा हक्क त्याचा स्वतःचा असल्याने तो आईने सोडला तरी अपत्यावर बंधनकारक होत नाही, अशीच न्यायालयांची भूमिका राहिली आहे. एकरकमी रक्कम अपत्यासाठी काही प्रमाणात दिली गेली असेल तर ती हिशेबात धरली जाते. पण तिने दरवाजा कायमचा बंद होत नाही. असे वाक्य वाचून वर्षानुवर्षे गप्प बसलेल्या मातांचे नुकसान कायद्याने केलेले नसते. ते एका वाक्याने केलेले असते.

६. अर्ज कोठे व केव्हा?

फेरफाराचा अर्ज सामान्यतः ज्या कार्यवाहीत मूळ आदेश झाला तीतच करावा लागतो. एकाच अपत्यासाठी निरनिराळ्या कायद्यांखाली अनेक अर्ज होऊन परस्परविरोधी आदेश निघू नयेत म्हणून २०२० च्या उपर्युक्त निर्णयाने तीन गोष्टी सांगितल्या आहेत : पूर्वीच्या कार्यवाहीची माहिती नव्या अर्जात उघड करावी, पूर्वी मंजूर झालेली रक्कम नव्या आदेशात हिशेबात धरावी, आणि पूर्वीचा आदेश बदलावयाचा असल्यास तो त्याच कार्यवाहीत बदलून घ्यावा.

उल्हासनगर येथे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे न्यायालय आहे, आणि वरिष्ठ स्तराचे दिवाणी न्यायालय कल्याणला आहे. ज्या क्षेत्रासाठी १९८४ च्या कायद्याखाली कुटुंब न्यायालय स्थापन होते, त्या क्षेत्रातील ह्या दोन्ही प्रकारची प्रकरणे कुटुंब न्यायालयाकडे जातात. मात्र मूळ आदेश नाशिकचा वा पुण्याचा असेल आणि आई आता कॅम्प २ मध्ये राहत असेल, तर फेरफारासाठी प्रथम त्या मूळ न्यायालयाकडेच पाहावे लागते. गैरसोय असल्यास प्रकरण वर्ग करून देण्याची विनंती उच्च न्यायालयाला करता येते. वसुलीचे तसे नाही. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची अंमलबजावणी, देणारा ज्या ठिकाणी असेल तेथील दंडाधिकाऱ्यांकडून करवून घेता येते. तेव्हा 'आदेश बदलणे' आणि 'आदेश वसूल करणे' ह्या दोन क्रियांची स्थळे भिन्न असू शकतात.

वेळेच्या दृष्टीने नियम थोडक्यात असा : वाढ किंवा घट सामान्यतः अर्जाच्या तारखेच्या मागे जात नाही. ज्या आईने मुलगा आठवीत असताना अर्ज करावयास हवा होता आणि तो दहावीत गेल्यावर केला, तिला मधल्या दोन वर्षांची वाढ बहुधा मिळत नाही. खर्चाच्या भीतीने अर्ज लांबविण्याचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया व बालके ह्यांना, उत्पन्न न पाहता, मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे.

७. थकबाकी आणि फेरफार

देणाऱ्याच्या बाजूने होणारी सर्वांत मोठी चूक ही, की उत्पन्न घटल्यावर तो अर्ज न करता देणे थांबवितो. परिस्थिती बदलली म्हणून आदेश बदलत नाही. परिस्थिती बदलली म्हणून आदेश बदलून मागता येतो. दोन्ही वाक्यांतील फरक केवळ क्रियापदाचा आहे, पण थकबाकी त्या फरकातूनच साचते. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाखालील थकीत रक्कम दंडाप्रमाणे वसूल होऊ शकते आणि न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कारावास होऊ शकतो. कारावास भोगला म्हणजे देणे फिटले असेही नाही. कारावास हे वसुलीचे साधन आहे, फेडीचा प्रकार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले. घेणाऱ्याच्या बाजूनेही एक दक्षता आवश्यक आहे : ह्या मार्गाने वसुली करावयाची तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

धंदा खरोखर बुडालेल्या बापाला कायदा दार बंद करीत नाही. त्याने त्वरेने अर्ज करावा, प्रतिज्ञापत्रात खरी स्थिती सांगावी आणि निर्णय होईपर्यंत शक्य तेवढे देत राहावे. प्रामाणिकपणाचा हा मार्ग त्याच्याही हिताचा आणि अपत्याच्याही हिताचा आहे.

८. समारोप

काही देशांनी ही अनिश्चितता तक्त्यांनी कमी केली आहे. जर्मनीत ड्यूसेलडॉर्फच्या वरिष्ठ प्रादेशिक न्यायालयाचा तक्ता १९६२ पासून प्रसिद्ध होत आला आहे; देणाऱ्याचे उत्पन्न एका बाजूला आणि अपत्याचा वयोगट दुसऱ्या बाजूला ठेवून त्यातून रक्कम काढतात, आणि तक्त्यात वेळोवेळी सुधारणा होते. तेथे मूल सहा वर्षांचे किंवा बारा वर्षांचे झाले की वरच्या वयोगटात जाते आणि तक्त्यातील रक्कम वाढते. इंग्लंडमध्ये १९९१ च्या कायद्याने सूत्राचा अवलंब झाला. भारतात तसा तक्ता नाही. येथे न्यायालयाचा विवेक आहे आणि त्या विवेकाला वाट दाखविणारे शब्द आहेत. तक्ता नसल्यामुळे लवचीकपणा मिळतो हे खरे. परंतु ज्याला अर्ज करावयाचा हे ठाऊक नाही त्याच्यासाठी हा लवचीकपणा निरुपयोगी ठरतो.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. तडजोडपत्रे पक्षकारांना समजणाऱ्या भाषेत लिहिली वा निदान वाचून दाखविली जावीत. त्यांत अपत्याच्या रकमेसाठी स्वतंत्र परिच्छेद असावा आणि वाढीचा दर, तिचा पाया, शिक्षणाच्या खर्चाची व्याप्ती व देण्याची अखेरची मर्यादा ह्या चार बाबी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. आणि 'पोटगी' ह्या शब्दाचा कायद्यातील अर्थ पोटापेक्षा मोठा आहे, हे भाषेच्या व कायद्याच्या अभ्यासकांनी लोकांपर्यंत पोहोचवावे. हुकूमनाम्यावर सही करणारे दोघे असतात. त्याच्या शब्दांवर वाढणारा तिसरा असतो. त्या तिसऱ्याला स्वतःचे शब्द सापडेपर्यंत, त्याच्यासाठी लिहिलेले शब्द नेमके असणे ही इतरांची जबाबदारी आहे.